आवळा, सोडा, खोका

आमच्या खोलीत एकच गोष्ट तीन भाषांत सांगावी लागते. साखर पेठेतली पद्मशाली आजी असेल तर 'बिगिंचंडी', अक्कलकोटकडची बाई असेल तर 'बिगी माड्री', बाकी सगळ्यांना 'आवळा, आवळून धरा'. सोडायला सांगायचं तर 'वदलंडी' आणि 'बिडरी', खोकायला 'दग्गंडी' आणि 'केम्म्री'. नर्सिंगला यातलं काही शिकवलं नव्हतं. सोलापुरात राहिलं की तेलुगू-कानडी रिक्षात बसल्या बसल्या कानावर पडते आणि जिभेवर येते. माझ्या बाबतीत ती जरा वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडली, इतकंच.

मी सात रस्त्याजवळच्या एका पोटविकारांच्या दवाखान्यात अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री करते. म्हणजे संडासची जागा आवळून धरणारे स्नायू किती ताकदीचे आहेत ते मोजते. शेजारच्या खोलीत रेडिओलॉजिस्ट मॅडम त्याच स्नायूंची सोनोग्राफी करतात. लग्नात कुणी 'तुम्ही काय करता?' विचारलं तर मी 'पोटाच्या मशीनवर असते' एवढंच सांगते, कारण समोरच्याच्या ताटात जिलेबी असते.

इथे मात्र सविस्तर लिहितेय, त्याला कारण आहे. मध्यंतरी एक बाई टेबलापर्यंत आल्या, साडी सारखी केली आणि परत गेल्या. गल्लीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आत करंट देतात. करंट-बिरंट काही नसतं. भूलसुद्धा देत नाहीत, कारण झोपलेल्या माणसाला 'आवळा' कसं सांगणार? त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांना नेमका काय त्रास होता, कुणास ठाऊक. पण इथवर आल्या होत्या म्हणजे बरेच दिवस सोसून आल्या असणार.

आधी जागेबद्दल. हा सगळा मामला जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा आहे. त्यात एकात एक अशी दोन कडी आहेत. आतलं कडं म्हणजे आतड्याच्याच गोल स्नायूचं खाली येऊन जाड झालेलं टोक. ते आपल्या ताब्यात नाही. झोपेत, एसटीच्या धक्क्यात, भांडताना, आपण त्याचा विचारही करत नसताना ते आपोआप आवळलेलं असतं. आपण काहीच करत नसताना तिथे जो दाब असतो, त्यातला साधारण ७० टक्के या कड्याचा. बाहेरचं कडं हातापायांच्या स्नायूंच्या जातीचं, आपल्या हुकमातलं. पाठीच्या कण्याच्या तळाकडून निघणारी प्युडेंडल नस ते चालवते. चारचौघांत गॅस अडवायचा असेल तर कामाला लागतं ते हे. त्याच्यात जोर आहे पण दम नाही. पूर्ण ताकदीने मिनिटभर धरून ठेवणंही त्याला जमत नाही. म्हणून घाई लागली आणि लांब कुठेतरी रांग असेल तर माणूस घामाघूम होतो.

या दोन कड्यांच्या वर तिसरा एक स्नायू आहे, प्युबोरेक्टॅलिस. पुढच्या हाडाला दोन्ही टोकं बांधलेली झोळी असावी तसा तो मागून वळसा घालून येतो आणि आतड्याला पुढे ओढून धरतो. त्या ओढीमुळे तिथे जवळजवळ काटकोन होतो. संडासला बसलं की झोळी सैल पडते, कोन उघडतो. काही लोकांची झोळी नेमकी त्याच वेळी सैल पडायच्या ऐवजी आवळते. ते तासभर कुंथत बसतात आणि घरचे दाराबाहेरून ओरडतात. त्यांचीही तपासणी याच मशीनवर होते.

आमच्याकडे फिस्टुलाचे, म्हणजे भगंदराचे (गुदाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली वाहती वाट) पेशंट पाठवणारे एक आयुर्वेदाचे सर आहेत. त्यांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं, की सुश्रुतसंहितेत गुदाचं माप साडेचार अंगुळं दिलंय आणि त्याच्या तीन वळ्या सांगितल्यात: प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी. तपासायचं यंत्रही आहे, गायीच्या सडाच्या आकाराचं, पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळ्या घेराचं. मला त्या वेगळ्या घेराचं फार कौतुक वाटलं. आमच्या मशीनबरोबर आलेल्या पुस्तकातही पहिल्याच पानांत हेच आहे, की बाईचे आणि पुरुषाचे आकडे एका तक्त्यात मोजू नका.

आता प्रत्यक्ष तपासणी. पेशंट डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, वर चादर. (सोलापुरातच आहोत, चादरींना तोटा नाही.) आधी आमचे डॉक्टर नुसतं बघतात. कंबर उघडली की लगेच हातमोजा चढवायचा नाही, आधी बघायचं, असा त्यांचा नियम आहे. गुदद्वाराभोवती कातडीच्या बारीक सुरकुत्या असतात, चहूबाजूंनी सारख्या. बाळंतपणात पुढचा स्नायू फाटलेला असेल तर पुढच्या बाजूच्या सुरकुत्या गायब असतात, तेवढाच भाग गुळगुळीत दिसतो. मग बाजूच्या कातडीला हलकंसं टोचून बघतात. जागा चटकन आक्रसली तर नसांचा फेरा शाबूत आहे. मग बोट. जागा मुळात घट्ट आहे की सैल, आवळायला सांगितलं की बोटाला चारही बाजूंनी पकड लागते की पुढे रिकामं लागतं. ही सगळ्यात स्वस्त तपासणी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. 'टोन नॉर्मल' असं लिहिलेले कागद घेऊन बायका येतात आणि विचारलं तर म्हणतात, तिथं कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

नंतर माझी नळी. पेन्सिलीपेक्षा बारीक, टोकाला फुगा. आमचं मशीन पाण्याचं आहे. नळीला ठरावीक अंतरावर छिद्रं आहेत आणि प्रत्येकातून अगदी हळूहळू पाणी झिरपतं. बाहेरून स्नायूने आवळलं की पाण्याला अडथळा होतो, आणि तो अडथळा मशीन पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाब म्हणून लिहितं. मोठ्या शहरांत नळीवरच सेन्सर बसवलेली महागाची मशीनं आहेत, त्यात पाण्याची भानगड नाही. पाण्याच्या मशीनचा तोटा असा, की ते झिरपलेलं पाणी मांडीवर ओघळतं. पेशंटला वाटतं आपल्यालाच झालं. एक शाळामास्तर असे रडवेले झाले होते की मला तपासणी थांबवून त्यांना भिंतीजवळची पाण्याची बाटली दाखवावी लागली. तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगून टाकते: ओलं लागेल, ते माझ्या मशीनचं पाणी आहे, तुमचं काही नाही.

नळी गेल्यावर तीन मिनिटं काहीच करायचं नाही. पेशंटला वाटतं सिस्टर विसरल्या. पण नवीन वस्तू आत गेली की स्नायू बावरतात, त्यांना शांत होऊ द्यावं लागतं. मग एक मिनिट नुसता विश्रांतीचा दाब. मग पाच-पाच सेकंदांचं आवळणं, तीन वेळा, मध्ये अर्धा मिनिट सुट्टी. मग एकदा ३० सेकंद धरून ठेवायचं. इथेच भल्याभल्यांचा आलेख उतरंडीला लागतो. मग खोकला दोन वेळा. खोकताना पोटातला दाब अचानक वाढतो, आणि बाहेरचं कडं आपोआप, न सांगता, आवळलं पाहिजे. पेशंट म्हणतो 'मला आवळताच येत नाही' आणि खोकल्याला मात्र रेघ झकास वर जाते, तेव्हा समजायचं की स्नायू आणि नस ठीक आहेत, माझी सूचना पोचलेली नाही.

आणि सूचना पोचवणं हेच खरं काम आहे. 'आवळा' म्हटलं की लोक ढुंगण आवळतात, पोट ओढतात, दात खातात, श्वास रोखतात. कित्येक जण उलटं, खाली जोर करतात. स्क्रीनवर आकडा येतो, पण तो चुकीच्या स्नायूचा असतो. म्हणून मी सांगते, 'गॅस यायला लागलाय आणि समोर व्याही बसलेत असं समजा.' यावर आजवर एकही माणूस गोंधळलेला मी पाहिला नाही. व्याही सगळ्या भाषांत चालतात.

त्यानंतर संडासला करतो तसा जोर करायला सांगते. कुशीवर पडून, अनोळखी बाईसमोर, नळी घालून. यात धडधाकट माणसांचाही स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळतो, हे जगभर दिसलेलं आहे. तेवढ्यावरून कुणाला 'तुम्हाला संडासच करता येत नाही' असं लेबल लावू नये. म्हणून वेगळी फुग्याची परीक्षा असते. फुग्यात ५० मिली पाणी भरायचं, पेशंटला कमोडवर एकटं बसवायचं, दार लावायचं आणि फुगा बाहेर टाकता येतो का ते बघायचं. बहुतेकांना मिनिट-दोन मिनिटांत जमतं. कुंभारीकडची एक आजी आतून ओरडली, 'झालं गं बाळंतपण! मुलगा का मुलगी ते तूच बघ!'

नळीच्या टोकाच्या फुग्यात हवा भरायचं काम मला सगळ्यात आवडतं. थोडी हवा भरली की आतलं कडं क्षणभर आपोआप सैल पडतं, बाहेरचं धरून राहतं. विल्यम गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने हे १८७७ साली लिहून ठेवलंय. या क्षणभराच्या ढिलाईत आतला माल खालच्या नाजूक अस्तराला लागतो आणि ते अस्तर ठरवतं: गॅस आहे, पातळ आहे की घट्ट आहे. आपल्याला बसल्या जागी नुसता गॅस सोडता येतो तो या चवकशीमुळे. जन्मापासून संडास न होणाऱ्या बाळांमध्ये ही ढिलाई दिसलीच नाही तर हर्षस्प्रुंगच्या आजाराचा संशय घ्यायचा. त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, आणि पक्कं निदान तुकडा काढून तपासल्यावर होतं. शाळेत जाणाऱ्या पोरांत ही रेघ खाली गेलेली दिसली की मी आईकडे बघून मान हलवते. डॉक्टरांनी सांगायच्या आधी असं करू नये, पण करते.

दाब कळला तरी स्नायू अखंड आहे की तुटका, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी शेजारची खोली.

पूर्वी हे शोधायला त्या जागेभोवती सुया टोचून वीज कुठे सापडते ते बघायचे. कुठे स्नायू आहे, कुठे नाही, याचा नकाशा सुयांनी काढायचा. कदाचित गल्लीतली ती 'करंट'ची अफवा तिथूनच आली असेल. १९८९ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमध्ये लॉ आणि बार्ट्राम या दोघांनी फिरत्या प्रोबने आतून सोनोग्राफी करून दाखवली आणि हळूहळू सुया गेल्या. प्रोब बोटासारखा असतो, त्याचं टोक आत गोल फिरतं आणि ३६० अंशांचं चित्र देतं. त्यावर निरोध चढवतात, आतून-बाहेरून जेली लावून. महिन्याला निरोधचे डबे आणायला आमचे वॉर्डबॉय मामा मेडिकलमध्ये जातात तेव्हा तिथली पोरं काय बोलतात ते मामांनी मला कधी सांगितलेलं नाही.

चित्र एकदा ओळखायला शिकलं की विसरत नाही. आतलं कडं काळं, दोन-तीन मिलिमीटरचं, कंपासने काढल्यासारखं. त्याच्या बाहेर पांढुरकं, दाणेदार कडं, ते बाहेरचं. वरच्या पातळीला मागच्या बाजूने प्युबोरेक्टॅलिसचा इंग्रजी यू. मध्ये दोन्ही कडी पूर्ण. अगदी खाली फक्त बाहेरचं. जागा घड्याळावर सांगतात: पुढची बाजू १२, मागची ६. फाटलेल्या काळ्या कड्याची दोन टोकं लांब गेलेली असतात, आणि मधली फट दिसते ती 'दहा ते दोन' अशी लिहितात. वयाबरोबर आतलं कडं थोडं जाड होतं. म्हाताऱ्या माणसात ते उलट बारीक, दीड मिलिमीटरचं दिसलं तर ते झिजलंय.

यात एक खोड आहे. बाईचं बाहेरचं कडं पुढच्या बाजूला मुळातच आखूड असतं. वरच्या पातळीला पुढे ते दिसत नाही, आणि घाईत बघणारा त्याला 'फाटलंय' म्हणतो. बाळंतपण न झालेल्या मुलीतही ते तसंच दिसतं. आमच्या मॅडम बाईला शक्यतो पालथं झोपवतात, कुशीवर पुढची बाजू दबून चित्र वाकडं येतं म्हणून. जिथे असा फिरता प्रोब नाही तिथे साध्या सोनोग्राफीच्या प्रोबने बाहेरून, योनी आणि गुद यांच्या मधल्या जागेवर ठेवूनही बरंच काही दिसतं. पुण्याला जायचं तिकीट काढण्याआधी आपल्या सोनोग्राफीवाल्यांना एकदा विचारून बघावं.

आता एक बाई. साठीच्या आसपास, बिड्या वळणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचं एकत्र करून सांगतेय. फाइलवर लिहिलं होतं 'जुनाट जुलाब'. दोन वर्षं जुलाबाच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, एकदा कोलोनोस्कोपी. मी विचारलं, 'मावशी, दिवसातून किती वेळा जाता?' 'एकदाच.' 'मग जुलाब कसले?' गप्प. मी चादर नीट करत करत विचारलं, 'लुगड्याला लागतं का?' त्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि बोलायला लागल्या. बिडी कंपनीच्या ब्रँचला बिड्या द्यायला जायच्या दिवशी सकाळी काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. रांगेत बिड्या मोजून होईपर्यंत उभं राहायचं, मध्ये सोडून गेलं तर नंबर जातो. सिद्धेश्वराची यात्रा तीन वर्षं पाहिली नाही. नातीला मांडीवर घेत नाहीत, वास येईल म्हणून. ही सगळी माहिती कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात नव्हती, कारण दुर्बिणीला ती दिसत नाही.

त्रास मोजायचाही एक तक्ता आहे, वेक्सनर यांच्या नावाचा. घट्ट संडास, पातळ, गॅस, पॅड लागणं आणि रोजच्या जगण्यात फरक, असे पाच प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. बेरीज २० म्हणजे काहीच धरवत नाही. मावशींचे १४ आले. पॅडला मी 'फडकं' म्हणते, नाहीतर उत्तर 'नाही' येतं.

पहिलं बाळंतपण गावी, सुईणीच्या हातून. बाळ मोठं, फाटलं होतं, टाके कुणी घातले नाहीत. 'तेव्हा महिनाभर त्रास होता, मग गेला.' तो त्रास गेला नव्हता. बाकीच्या स्नायूंनी तो चाळीस वर्षं उचलून धरला होता. पाळी गेल्यावर, वय वाढल्यावर त्यांची ताकद कमी पडली. हे फार जणींच्या बाबतीत असंच होतं, म्हणून त्या बाळंतपणाचा आणि आताच्या त्रासाचा संबंध कुणी लावत नाही, त्या स्वतःही नाही. सोनोग्राफीत दोन्ही कडी दहा ते दोन फाटलेली निघाली. माझ्या नळीवर विश्रांतीचा दाब कमी, आवळण्याचा त्याहून कमी. खोकल्याला मात्र रेघ हलली.

याच्या उलटही असतं, आणि ते डॉक्टरांनासुद्धा पचायला वेळ लागतो. १९९३ साली सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणाआधी आणि नंतर सोनोग्राफी केली. पहिलटकरणींमध्ये ७९ पैकी २८ जणींच्या स्नायूत बाळंतपणानंतर फट दिसली. म्हणजे ३५ टक्के. त्रास मात्र त्याहून पुष्कळ कमी जणींना होता. चिमटा लावून बाळ काढलेल्या दहा जणींपैकी आठ जणींना फट होती. याच सुलतान यांनी पुढे फाटण्याच्या पायऱ्या ठरवल्या: तिसऱ्या पायरीचे अ, ब, क असे भाग, किती स्नायू गेला त्यावरून, आणि अस्तरही फाटलं तर चौथी. आज बाळंतपणाच्या टेबलावरच टाके घालण्याआधी गुदात बोट घालून स्नायू तपासावा असं शिकवतात. तेवढं झालं तर माझ्याकडे चाळीस वर्षांनी येणाऱ्या कितीतरी बायका येणारच नाहीत. ते दोन मिनिटांचं काम आहे. लेबर रूममध्ये गर्दी असते हे मला माहीत आहे, मी तिथे काम केलंय. तरीही ते दोन मिनिटांचंच काम आहे.

म्हणून नुसतं चित्र बघून 'फाटलंय, शिवा' म्हणायचं नाही, आणि नुसता आकडा बघून 'कमी आहे, काही होणार नाही' म्हणायचं नाही. फट आहे आणि धरलं जातंय, असं असतं. कडी अखंड आहेत आणि गळतंय, असंही असतं.

त्या दुसऱ्या प्रकाराचे एक काका. गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले, २० वर्षांची साखर. दिवसभर थोडं थोडं पातळ लागतं म्हणून जुलाब थांबवायच्या गोळ्या चालू. माझं मशीन लागलंच नाही. डॉक्टरांनी बोट घातलं तर आत दगडासारखा मळ साचलेला. पातळ जे येत होतं ते त्या दगडाच्या कडेने झिरपत होतं, आणि गोळ्या दगड आणखी घट्ट करत होत्या. एनिमा देऊन पोट मोकळं केल्यावर काही आठवड्यांनी मोजलं तर दाब उत्तम. फक्त फुग्यात हवा भरत गेले तरी काका 'अजून काही नाही, अजून काही नाही' म्हणत राहिले. साखरेने नसा बधिर झालेल्या. आत भरलंय हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांना औषध मिळालं घड्याळाचं: रोज जेवणानंतर ठरलेल्या वेळी बसायचं, कळ येवो न येवो.

भगंदरवाल्यांची गोष्ट वेगळी. अशोक चौकातले, कुमठा नाक्याकडचे यंत्रमाग कामगार येतात, बहुतेकांचं एखादं ऑपरेशन आधीच झालेलं असतं. भगंदराची वाट स्नायूतून जाते; ती उघडी पाडताना तिच्या खालचा स्नायू कापला जातो. किती कापला जाईल हे कापण्याआधी कळायला हवं. सोनोग्राफीत बाहेरच्या छिद्रातून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, बुडबुड्यांनी ती वाट पांढरी लखलखते आणि कोणत्या कड्यातून, किती उंचीवरून जाते ते दिसतं. गुंतागुंतीच्या फाट्यांना एमआरआय. आयुर्वेदवाले सर क्षारसूत्र बांधतात: लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ थर, आणि दर आठवड्याला नवा दोरा. हळूहळू कापत जातं, मागून भरत येतं. तेसुद्धा दुसऱ्यांदा आलेल्या पेशंटला आधी माझ्याकडे पाठवतात. आधीच्या ऑपरेशनने दाब खाली गेलेला असेल, तर दोरा असो की ब्लेड, हात आखडता घ्यावा लागतो. हा माणूस मला आवडतो तो यासाठी.

काही तपासण्या गेल्या त्या बरं झालं. हातमोज्याच्या बोटावर इलेक्ट्रोड चिकटवून प्युडेंडल नसेचा वेग मोजायचे. आकडा यायचा, पण त्यावरून पेशंटचं काय करायचं ते बदलायचं नाही. आता फारसं कुणी मागत नाही. रिपोर्ट लिहायची पद्धतही २०२० पासून लंडन वर्गीकरणाने एकसारखी झाली: विश्रांतीचा दाब कमी, जास्त की ठीक, आवळणं कमी की ठीक, एवढं साधं. तरी पेशंट 'पुण्याला ६२ आला होता, इथे ५० कसा?' विचारतात. मशीन वेगळं, नळी वेगळी, आकडा वेगळा. एका मशीनचा आकडा त्याच मशीनच्या आकड्याशी जुळवावा.

मावशींचं शिवायचं ठरलं नाही. शिवलेला स्नायू सुरुवातीला चांगला धरतो, पण वर्षं जातात तसा फायदा उतरतो, आणि त्यांचं वय बघून डॉक्टरांनी आधी बायोफीडबॅक करू म्हटलं. यात मशीन तेच, फक्त स्क्रीन पेशंटकडे फिरवायची. मावशींनी आवळलं, रेघ वर गेली. 'ही मी केली?' मी म्हटलं, तुम्हीच. पुन्हा केली. मग मला गप्प बसवून त्या एकट्याच रेघ वर-खाली करत बसल्या. घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळताना व्यायाम करायचं त्यांनीच ठरवलं. विशीची एक जुडी बांधून झाली की एकदा आवळायचं. पूर्ण बरं झालं नाही. पातळ झालं की अजून धरवत नाही. पण घट्ट धरलं जातं, आणि ब्रँचला जायच्या दिवशी चहा-भाकरी खाऊन जातात.

तुमचं किंवा तुमच्या आईचं असं काही असेल तर तपासणीला येताना एवढं करा. सकाळी घरी एनिमा घेता आला तर घ्या, नाहीतर लवकर या, आम्ही देतो. उपाशी राहायची गरज नाही. साखर असणाऱ्यांनी तर अजिबात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सैल परकर किंवा लुंगी घाला. बायकांनी बाळंतपणं किती, चिमटा लावला होता का, टाके पडले होते का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून या. आधीच्या ऑपरेशनचे कागद, कितीही चुरगळलेले असोत, पिशवीत घाला. आणि बरोबर सून आली असेल तर तिला बाहेर बसवायचं की आत, हे तुम्ही ठरवा. दारावर कडी आतूनच आहे.